बोट लागू नये म्हणून धरलेला उपास

मला झोपाळासुद्धा लागायचा. नवरात्रात कालिकेच्या यात्रेत पोरं आकाशपाळण्यात बसून किंचाळायची, आणि मी खाली उभी राहून नुसतं वर बघता बघता ओकायची. नाशिकहून दिंडोरीला जायचं म्हटलं तरी माझ्या पदराला लिंबू बांधलेलं असायचं. त्या वाटेवरचे कंडक्टर मला चेहऱ्याने ओळखायचे. मी चढले की आधी खिडकीजवळची जागा रिकामी करून द्यायचे. मला तेव्हा वाटायचं, केवढा मान! पुढे कळलं, गाडी धुवायची पाळी त्यांच्यावर यायची.

अशा बाईला समुद्रावर न्यायचं ठरलं.

आमचं दुकान दिंडोरी रस्त्यावर, द्राक्षांवर मारायच्या औषधांचं. डावणी आली, भुरी आली, की बागाईतदार रोगट पान घेऊन यायचे. आमचे हे ते पान उजेडाला धरायचे, चष्मा वर करायचे आणि लिटरला किती मिली ते सांगून टाकायचे. त्या वर्षी माल भरपूर खपला म्हणून एका औषध कंपनीने दुकानदारांना जोडीने सहलीला न्यायचं काढलं. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती, आणि मुंबईहून गोव्याला जाणारी मोठी बोट म्हणजे तेव्हा फार अप्रूप. क्रूझ म्हणायचं तिला, बोट म्हटलं की लोक हसायचे. छाटण्या आटपलेल्या, मे महिना संपत आलेला. पावसाळ्यापूर्वीची तिची शेवटची फेरी होती म्हणे. शेवटची हा शब्द मला मुळीच आवडला नाही.

पण ओकारीची भीती ही वरवरची. खरी भीती निराळी होती. ह्यांना साखरेचा आजार. गोळ्यांनी भागेना म्हणून डॉक्टरांनी सुया सुरू केलेल्या, सकाळी एक आणि रात्रीच्या जेवणाआधी एक. दुसऱ्याला औषधाचा डोस झोपेत सांगेल असा माणूस, पण सुई पाहिली की पांढरा पडायचा. म्हणून सुई मी द्यायची. हे भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि मोठमोठ्याने द्राक्षांचे भाव बोलायचे. भाव संपायच्या आत माझं काम उरकलेलं असायचं. डॉक्टरांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, सुई दिली की अर्ध्या तासात ताट समोर आलं पाहिजे. नाहीतर साखर एकदम खाली येते. घाम फुटतो, माणूस बरळतो, मग शुद्ध हरपते." एकदा घरी तसं झालंही होतं. दुकानात गिऱ्हाईक आलं म्हणून हे जेवता जेवता उठले, आणि थोड्या वेळाने शेजाऱ्यांनी धरून आणले. ते पांढरे ओठ मी विसरले नव्हते.

मग मला एकच धास्ती. बोटीवर मी आडवी झाले, तर ह्यांना सुई कोण देणार, आणि दिल्यावर जेवायला कोण बसवणार?

आमची मुलगी औषधांचंच शिकलेली, लग्न होऊन पुण्याला. तिने फोनवर शाळा घेतली.

"आई, नीट ऐक. खोली खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मधोमध घ्यायची."

"खालची म्हणजे पाण्यात?"

"पाण्यात कशी असेल? तिथे कमी हलतं म्हणून. उलटीची गोळी चढायच्या तासभर आधी घ्यायची, सुरू झाल्यावर नाही. पोट रिकामं ठेवायचं नाही. थोडं थोडं, कोरडं, खात राहायचं. आणि मळमळलं की बाहेर मोकळ्यावर यायचं आणि आभाळ समुद्राला टेकतं ना, तिथे बघत राहायचं."

"बरं बरं."

"आई, तू बरं बरं म्हणतेस तेव्हा काहीही ऐकलेलं नसतं."

कार्टी मला पुरती ओळखून होती. तिने कुरिअरने गोळ्या पाठवल्या आणि आलेपाकाचा एक डबा. आल्याने मळमळ दबते, म्हणाली. मी डबा बॅगेच्या तळाशी टाकला, कारण माझं शास्त्र तिच्यापेक्षा वरचढ होतं. पोटात काही असलंच नाही, तर पडणार काय?

तेव्हाच्या मला हसू नका. म्हणजे हसा, मीही हसते. त्या बाईचा उपासावर फार भरवसा. पोरीच्या दहावीसाठी सोमवार, घराच्या स्लॅबसाठी गुरुवार, ह्यांच्या साखरेसाठी मंगळवार. साखर ह्यांची आणि उपाशी मी, यात काही चुकतंय हे तिला कधी सुचलं नाही. तर मी जाहीर करून टाकलं की गडावरच्या देवीला बोलले आहे, गोव्याच्या जमिनीला पाय लागेपर्यंत निर्जळी. देवीने बिचारीने काही मागितलं नव्हतं. पण घरात देवीचं नाव घेतलं की कोणी वाद घालत नाही. हे फक्त म्हणाले, "देवीला सांग, निदान चहा तरी सोडायला नको होता."

कंपनीची बस पहाटे निघाली. कसारा घाटात रिकाम्या पोटातूनही हिरवं-पिवळं पित्त आलं, तोंड कडू जहर झालं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. एरवीपेक्षा कितीतरी जास्त हाल. पण माझ्या शहाणपणाची कमाल बघा, मी मनात म्हणाले, बघ, पडलं तर कमीच ना! गोळीची वेळ झाली तेव्हा गोळी हातात धरून बसले. ती पाण्याबरोबर घ्यायची, आणि पाणी तर वर्ज्य. गोळी परत पाकिटात गेली.

बंदरात ती बोट पाहिली आणि माझे पाय जमिनीला चिकटले. माझ्या डोळ्यांना ती बोट नव्हतीच, एक सबंध कॉलनी पाण्यात उभी होती. धक्का आणि बोट यांच्यामध्ये वीतभर फट, त्या फटीत काळं पाणी वरखाली होत होतं आणि भांड्यात कढी उतू यावी तसा आवाज करत होतं. सगळे त्या फटीवरच्या पुलावरून गप्पा मारत चालले होते. मी ह्यांच्या शर्टाचं टोक धरलं आणि डोळे मिटून गेले. बगलेत थर्मास. त्यात बर्फावर औषधाची कुपी.

ह्यांना खोली नेमकी मुलीने सांगितलेली मिळाली होती, खालच्या मजल्यावर, मधोमध. मी आत पाऊल टाकलं, गोल खिडकीतून पाहिलं, तर पाणी जवळजवळ चौकटीला लागलेलं. भिंतीपलीकडे ते ढुम्म ढुम्म धडकत होतं. इथे झोपायचं? रात्री खिडकी फुटली तर? मी बाहेर येऊन जिन्यात बसकण मारली.

तिथे मनमाडच्या भाभी भेटल्या. त्यांच्या मालकांचं मनमाडला बी-बियाणं आणि औषधाचं दुकान. आमच्याच वयाचं जोडपं, बसमध्ये पुढच्या बाकावर होतं. भाभींच्या हातात बिस्किटाचा पुडा, तोंड चालू.

"क्या हुआ ताई? बसल्या काय अशा?"

"भाभी, तुमची खोली कुठे?"

"अगदी वर हो, पुढच्या टोकाला. मोठी खिडकी, सगळं दिसतं. पण ह्यांचे गुडघे दुखतात, जिना चढवत नाही."

माझ्या दृष्टीने देवीच पावली. ह्यांचं न ऐकता मी चाव्यांची अदलाबदल करून टाकली. मुलीने सांगितलेलं उरलंसुरलंही असं पाण्यात गेलं.

बोट सुटायच्या आधी सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून वर रांगेत उभं केलं. बुडायची वेळ आली तर काय करायचं, ते एक गोरापान मुलगा हसत हसत सांगत होता. बाकीच्यांनी फोटो काढले, जाकिटं परत ठेवली. मी काढलं नाही. साडीवर ते जाकीट, गळ्याशी शिट्टी लोंबकळते आहे, कपाळावर आठ्या. हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत." मी म्हणाले, "बघू देत. बुडतील तेव्हा मी बघेन त्यांच्याकडे."

दिवे लागले, किनारा मागे सरकला, आणि बोटीने पहिला श्वास घेतला. मला तसंच वाटलं. समोरचा शेंडा हळूहळू वर गेला, वर थांबला, आणि मग पायाखालची फरशी निघून गेल्यासारखा खाली आला. पुन्हा वर. माझ्या त्या हवेशीर खोलीत कपाटाची दारं आपोआप उघडत होती, मिटत होती. हँगर एकमेकांवर आपटत होते. कुठेतरी आत लाकूड करकरत होतं, अगदी बिजागऱ्या निखळायला आल्यासारखं. मोठ्या खिडकीतून आधी आभाळ दिसायचं, मग नुसतं काळं पाणी, पाण्याच्या टोकावर पांढरा फेस, मग पुन्हा आभाळ. मी डोळे मिटले तर मिटलेल्या डोळ्यांआडही तेच. तोंडाला पाणी सुटलं, कानशिलं गार पडली. ज्यांना लागतं त्यांना ठाऊक आहे, पुढे काय होतं ते.

नव्हतं पोटात काही. तरी आतडी पिळून निघाली. मी न्हाणीघराच्या उंबऱ्यात बसून राहिले आणि पहिल्यांदा मनातल्या मनात म्हणाले, आता मरते. सरळ, साधं, खरं वाटलं ते. मग लगेच दुसरा विचार. सुईची वेळ झाली.

कशी उठले माहीत नाही. कुपी दोन्ही तळव्यांत फिरवली, सुईत औषध ओढलं, दिव्याखाली पुन्हा पुन्हा तपासलं. हात थरथरत होता. हातापेक्षा खोली जास्त. हे नेहमीसारखे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण भिंतच पुढे यायची आणि मागे जायची, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी कपाट धरलं.

"थॉमसनचा भाव यंदा..." त्यांनी सुरुवात केली.

"थांबा हो, हलू नका."

"मी नाही हलत, अरबी समुद्र हलतोय."

एका लाटेच्या आणि दुसऱ्या लाटेच्या मधे जी क्षणभर शांतता असते, त्यात मी सुई दिली. नीट बसली. मला रडूच आलं.

"आता जा. लगेच जेवायला जा. माझ्यासाठी थांबू नका," मी म्हणाले आणि पलंगावर कोसळले. दार उघडल्याचा आवाज आला. मी सुटकेचा श्वास टाकला.

पण त्याच क्षणी मला पुन्हा भडभडून आलं, आणि दारातून हे परत फिरले. जाकिटाच्या वर, मानेवर हात आला. "शांत हो, शांत हो" म्हणत ते चोळत राहिले. मी इतकी गळून गेले होते की तो हात इथे नसायला हवा, जेवणाच्या टेबलावर असायला हवा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. डोळे घट्ट मिटून मी लाटा मोजत होते आणि देवीशी भांडत होते. किती वेळ गेला कोण जाणे.

मग हे बोलू लागले.

"दोन मिली घ्या... नीट ढवळा... वारं असलं तर मारू नका..."

मला वाटलं, हसवताहेत. "गप्प बसा हो, मला काही सुचत नाही," मी म्हणाले.

"पानाच्या खालून मारा... खालून... बादली कुठे गेली?"

आवाज जड होता, जीभ तोंडात मावत नसल्यासारखी. आणि मानेवरचा तो हात. माझी मान ओली झाली होती. मी डोळे उघडून मान वळवली. ह्यांच्या कपाळावरून, गळ्यावरून घाम निथळत होता, शर्ट अंगाला चिकटलेला, ओठ पांढरे. घरी पाहिले होते तेच ओठ. नजर माझ्याकडे होती पण मी त्यांना दिसत नव्हते.

त्या क्षणी जी भीती वाटली, तिच्यापुढे समुद्राची भीती म्हणजे पोरखेळ. माझ्या पायांत एकदम जोर आला. साखर! काहीतरी गोड! माझ्या त्या रिकाम्या, निर्जळी खोलीत काय असणार? पाण्याची बाटली आणि देवीचा अंगारा. घरी असते तर साखरेचा डबा हाताच्या अंतरावर होता. टेबलावर फोन होता पण त्याच्यावर कुठला आकडा दाबायचा ते मी कधी बघितलंच नव्हतं. दाराकडे धावले, बोटीने मला कपाटावर फेकलं. कपाटातून बॅग खाली पडली, उघडली, आणि साड्यांखालून मुलीचा तो डबा घरंगळत माझ्या पायाशी आला.

आलेपाक म्हणजे आल्याच्या रसात घोटलेली साखरच की!

झाकण दातांनी उघडलं. ह्यांना पलंगाला टेकवून बसवलं आणि एक वडी तोंडाशी नेली. त्यांनी दात मिटले.

"उपास आहे," हे बरळले. "देवीचा."

"तुमचा नाही, माझा आहे! तोंड उघडा!"

उघडेनात. मी वडी बोटांनी चुरून गालाच्या आत सारली, थोडी थोडी, गिळतात ना ते बघत. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांच्यावर ओरडले नव्हते तेवढी तेव्हा ओरडले. एका हाताने त्यांना भरवत होते, दुसऱ्या हाताने गळ्यातली शिट्टी तोंडात धरून फुंकत होते. त्या गोऱ्या मुलाने शिट्टी पाण्यात पडल्यावर वाजवायची म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, पडलेच आहे.

दार ढकलून मनमाडच्या भाभी आत आल्या. जेवणाच्या टेबलावर आमच्या दोन खुर्च्या रिकाम्या पाहून त्या विचारायला वर आल्या होत्या आणि अर्ध्या जिन्यात त्यांनी शिट्टी ऐकली. जाकीट घातलेली मी, आलेपाकाने बरबटलेले ह्यांचे गाल, खोलीभर साड्या. त्यांनी एक शब्द विचारला नाही. उलट्या पावली पळाल्या, आणि सरबताचा पेला, बोटीवरचे डॉक्टर आणि त्यांचे गुडघेदुखीचे मालक, सगळे एकदमच घेऊन आल्या.

सरबत घोट घोट पोटात गेलं. आम्ही सगळे ह्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. माझ्या आयुष्यात एवढी लांब वेळ दुसरी आलेली नाही. मग ओठांवर हळूहळू रंग परतला. ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"शिट्टी कोण वाजवतंय?" त्यांनी विचारलं.

मी खाली बसले आणि मोठ्याने रडले. डॉक्टरांनी बोट टोचून साखर तपासली, म्हणाले, वेळेवर गोड गेलं म्हणून बरं झालं. ह्यांना खोलीतच वरण-भात आणवला आणि माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही शेवटचं कधी खाल्लं?" मी देवीचं नाव घेतलं. भाभींनी कमरेवर हात ठेवले.

"ताई, तुमची देवी समजदार आहे. तीच म्हणत असेल, या बाईला आधी काहीतरी खायला घाला रे."

खोल्या परत बदलल्या. मालक गुडघे धरत वर चढले, कुरकुर न करता. खाली, पाण्याशेजारी, बोट खरंच कमी हलत होती. मी गोळी पाण्याबरोबर घेतली, कोरडं बिस्किट उंदरासारखं कुरतडलं, आलेपाकाचा एक तुकडा गालात धरून ठेवला. सकाळी सुई देऊन ह्यांना न्याहारीला बसवल्यावर भाभींनी मला मोकळ्यावर नेऊन खुर्चीत बसवलं. आभाळ जिथे समुद्राला टेकतं ती रेघ मी गोवा येईपर्यंत धरून ठेवली, जशी आदल्या दिवशी ह्यांच्या शर्टाचं टोक धरलं होतं. मळमळ पूर्ण गेली नाही, पण कुठेतरी लांब जाऊन बसली. गोव्याला उतरलो, चढलो. पोरीचं प्रत्येक वाक्य खरं निघालं, ते मी तिला पुढे कितीतरी वर्षं कळू दिलं नाही.

जाकीट मात्र अंगातून निघेना. भाभी हसल्या, कंपनीचे लोक हसले. त्यांना काय सांगणार? मला आता बुडायची भीती नव्हती. संध्याकाळची होती. पुन्हा लाट आली, पुन्हा मी पडले, पुन्हा ह्यांना कोणी जेवायला पाठवलं नाही तर? परतीच्या वाटेवर दिवे लागले, वारा वाढला, आणि माझ्या कानशिलांना तोच गारवा जाणवू लागला. खालच्या खोलीत मी कुपी काढली, सुई काढली. सुई कुपीच्या बुचात नीट शिरेना. औषध ओढता येईना.

हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. भाव बोलायला सुरुवात झाली नव्हती. मग ते वळले.

"दे इकडे."

"तुम्हाला कसं जमेल?"

"तू माप सांग. मी सगळ्या तालुक्याला मापं सांगतो, आज एकदा ऐकून घेतो."

मी माप सांगितलं. त्यांनी चष्मा वर केला, सुई उजेडाला धरली, रोगट पान धरायचे अगदी तशी. गोल खिडकीतून अजून थोडासा उजेड येत होता आणि पाण्यावर ती रेघ होती. त्यांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, पोटाची कातडी चिमटीत धरली आणि टोचली. चेहरा पांढरा पडला, पण हात हलला नाही.

"लागलं?" मी विचारलं.

"तू देतेस तेव्हा जास्त लागतं," ते म्हणाले.

मी जाकीट काढून पलंगावर ठेवलं. जेवणाच्या दालनाकडे हे चालत होते पुढे आणि मी मागे, भिंतीला हात लावत. टेबलावर भाभींनी आमच्या दोन खुर्च्या धरून ठेवल्या होत्या. मी ह्यांच्या ताटात भात वाढला, त्यांनी पहिला घास गिळलेला पाहिला, आणि मग माझं ताट पुढे ओढलं.